काटा बांधावर आणा



खत किती घालावे, फवारणी कधी करावी, हे विचारणारे शेतकरी मला रोज भेटतात. पण अलीकडे बांधावर बसलो की बहुतेकांचे एकच गाऱ्हाणे असते. "साहेब, बाकी सगळं जमतं हो, माणसं टिकत नाहीत." म्हणून आज पिकाच्या रोगाविषयी न लिहिता माणसांच्या मनाविषयी लिहितो. शेत हेही कामाचे ठिकाण आहे आणि दहा माणसे एकत्र काम करू लागली की कारखान्याचे नियम शेतालाही लागू होतात.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. सहा एकर कापूस. पहिल्या वेचणीला बोंडे भरघोस फुटली होती. वेचणीला आठ बायका, मजुरी किलोवर. बायकांचे हात भराभर चालले आणि संध्याकाळी हिशोब नेहमीपेक्षा बराच जास्त झाला. भाऊंच्या मनात आले, दिवसाला एवढे पैसे सुटतात, म्हणजे आपण भाव जास्तच दिला. दुसऱ्या वेचणीला त्यांनी किलोमागे एक रुपया कमी केला. बायका काही बोलल्या नाहीत. भाऊंना वाटले, मान्य झाले.

पण त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. कोणाचेही गाठोडे ठरावीक वजनाच्या वर जाईना. चपळ बाई आणि नवखी बाई यांचे वजन जवळजवळ सारखेच भरू लागले. दुसरे म्हणजे बायका पहाटेच शेतात येऊ लागल्या. भाऊ खूश झाले. पण दवात भिजलेला कापूस वजनाला जास्त भरतो हे बायकांना त्यांच्याआधी ठाऊक होते! कापसात पालाही येऊ लागला. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. भाऊंची गाडी ओलाव्यापायी परत आली.

ते रागाने शेतात गेले आणि सगळ्यांसमोर एका मावशींचे गाठोडे उलटे करून नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. शेतात फुटलेला कापूस उभा, वर पावसाचे ढग आणि वेचायला कोणी नाही. वर्षाची कमाई त्या झाडांवर होती.

मी गेलो तेव्हा दव सुकल्यावर वेचणी करावी, असे मी पुस्तकातले सांगू लागलो. भाऊ म्हणाले, "ते मला ठाऊक आहे. ते त्या बायकांना कोण सांगणार?" तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, "सांगायचं नाही, विचारायचं आहे. मीच जाऊन येते."

त्या मावशींच्या घरी जाऊन बसल्या. तासाभराने परतल्या तेव्हा तीन गोष्टी कळल्या होत्या. पहिली, काटा घराच्या ओट्यावर. वजन होताना बायका अंगणात उभ्या. आकडा कोणाला दिसत नाही आणि पोत्याचे म्हणून एक किलो वजा होतो, तो का, हे कोणी सांगितलेले नाही. दुसरी, ज्या मावशींना बोलणे बसले, त्यांच्या गाठोड्यात पाला नव्हताच. तो दुसरीचा होता. तिसरी गोष्ट मावशींनी अगदी सरळ सांगितली, "जास्त वेचलं तर भाव उतरतो बाई. मग जास्त कशाला वेचायचं?"

हे ऐकून मला कॉलेजनंतर वाचलेला एक अभ्यास आठवला. अमेरिकेत शिकागो शहराजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनचे साहित्य बनवणारा एक मोठा कारखाना होता. १९३१-३२ मध्ये तेथे १४ कामगारांची एक तुकडी वेगळ्या खोलीत बसवून अभ्यासकांनी त्यांचे काम अनेक महिने पाहिले. मजुरी कामावर होती. म्हणजे जास्त काम केले तर जास्त पैसे. तरीही कामगारांनी आपापसांत दिवसाचे काम ठरवून घेतले होते. कोणी त्याहून भराभर करू लागला तर सोबती त्याच्या दंडावर बुक्की मारून त्याला आवरत. कारण विचारले तर उत्तर मावशींचेच! जास्त काम दिसले तर मालक दर उतरवील, नाहीतर माणसे कमी करील. ती मंदीची वर्षे होती. ती माणसे आळशी नव्हती, हिशोबी होती.

मंडळी, आपण मजुराला आळशी म्हणतो तेव्हा बहुधा त्याचा हिशोब आपल्याला कळलेला नसतो. आपण वजनाचे पैसे देतो आणि अपेक्षा स्वच्छतेची करतो. मग वजन मिळते, स्वच्छता मिळत नाही. यात मजुराचे नवल नाही. ज्याचे मोल आपण देतो, तेच आपल्या पदरात पडते.

दुसऱ्याला सांगताना माझीही चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शासकीय बीजगुणन क्षेत्रावर होतो. भाताची लावणी वाकडीतिकडी झाली म्हणून एका वयस्क बाबांना मी सर्वांदेखत रागावलो. बाबा काही बोलले नाहीत. दुपारी एका गड्याने हळूच दाखवले, लावणीच्या दोरीवर खुणाच केलेल्या नव्हत्या. त्या करून देणे माझे काम होते. मी बाबांची माफी मागितली, पण ती एकट्यात. रागावलो चौघांत आणि माफी कोपऱ्यात! ते अजून मनाला लागते.

वहिनींनी तसे केले नाही. भाऊंना घेऊन त्या मावशींच्या दारी गेल्या आणि शेजारपाजारच्या बायकांसमोर भाऊ म्हणाले, "मावशी, चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी आठही जणी आल्या. पण आदल्या रात्री पाऊस झाला होता. खालचा बराच कापूस मातीत गेला. उरलेला वाळू दिला आणि मग वेचला.

येत्या वेचणीच्या आधी एवढे करून पाहा.

१. दर हंगामाच्या आधी ठरवा आणि मध्ये उतरवू नका. एकदा उतरवलेला दर टोळी अनेक वर्षे विसरत नाही.

२. काटा बांधावर आणा. वजन सगळ्यांसमोर करा, आकडा मोठ्याने सांगा आणि वहीत लिहा. पोत्याची वजावट करायची तर रिकामे पोते त्यांच्यासमोर तोला.

३. दव सुकल्यावरच वेचणी सुरू करा. सकाळचा वेळ बुडतो म्हणून किलोमागे थोडा जास्त दर द्या.

४. स्वच्छ कापूस आणि कवडी कापूस यांच्या ओट्या वेगळ्या ठेवा आणि स्वच्छ कापसाला चार पैसे जास्त द्या. मग पाला वेचून काढा, असे ओरडावे लागणार नाही.

५. चूक एकट्यात सांगा, शाबासकी चौघांत द्या.

६. पिण्याचे पाणी आणि सावली यांची सोय ही मेहेरबानी नव्हे. ज्या बांधावर ती असते, तिकडे टोळी आधी वळते.

यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागतो तेथे तो ओलाव्याच्या कपातीपेक्षा कमीच असतो.

परवा त्या घरी गेलो होतो. काटा बांधावरच्या लिंबाला टांगलेला होता. भाऊ वजन सांगत होते, वहिनी वहीत लिहीत होत्या आणि मावशी वाकून आकडा पाहत होत्या. मावशींना वाचता येत नाही. तरी त्या रोज पाहतात आणि भाऊ रोज दाखवतात.