वर्कशॉपमधून वाट पुढे कुठे जाते?

दहावीचा निकाल लागला की व्यासपीठांवरून एक वाक्य हमखास ऐकू येते: पालकांची मानसिकता बदलली पाहिजे. पालकांना पांढरपेशा नोकरीचा मोह सुटत नाही, हाताने काम करणे त्यांना कमीपणाचे वाटते, आयटीआय म्हणजे मागे पडलेल्या मुलांची जागा अशी त्यांची समजूत आहे, आणि म्हणून व्यावसायिक शिक्षण रुजत नाही, असे सांगितले जाते. हे निदान इतक्या वेळा झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. माझ्या मते ते चुकीचे आहे, आणि त्याविरुद्धचा पुरावा महाराष्ट्राच्याच अकरावी-बारावीत कित्येक वर्षे सर्वांसमोर आहे.

आपल्याकडे विज्ञान शाखेत द्विलक्षी अभ्यासक्रम आहे. पालक त्याला ‘बायफोकल’ म्हणतात. विद्यार्थ्याने दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, बहुधा जीवशास्त्र, सोडायचा आणि त्याऐवजी दोनशे गुणांचा एक व्यावसायिक विषय घ्यायचा. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत देखभाल, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय, मत्स्यव्यवसाय असे त्यातले पर्याय आहेत. नामवंत कनिष्ठ महाविद्यालयांत या जागांसाठी चढाओढ असते आणि दहावीला उत्तम गुण मिळवलेली मुले त्यासाठी रांग लावतात. याच राज्यात १९८८-८९ च्या सुमारास किमान कौशल्यावर आधारित व्यावसायिक अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाला. त्यात इंग्रजी, एक भारतीय भाषा, एक सामान्य पायाभूत विषय आणि बाकी सगळा वेळ निवडलेल्या व्यवसायाला. हाताने शिकण्याचा वाटा पाहिला तर तो बायफोकलपेक्षा कितीतरी खरा व्यावसायिक अभ्यासक्रम होता. पण ‘दुसरीकडे कुठेच मिळाले नाही तर’ या खात्यातून तो कधी बाहेर आला नाही. दोन्हीकडे मंडळ तेच, समाज तोच. पालकांची मानसिकता हेच कारण असते, तर दोन्हींचे नशीब सारखेच निघायला हवे होते.

फरक आहे तो पुढच्या वाटेत. बायफोकल घेणाऱ्याचे भौतिकशास्त्र आणि गणित शाबूत राहते, सीईटी देता येते, अभियांत्रिकीची पदवी खुली राहते. एमसीव्हीसी घेणाऱ्याच्या हातात बारावीचे प्रमाणपत्र येई, पण बारावीचे भौतिकशास्त्र-गणित नसल्याने विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवीची थेट वाट त्याच्यासाठी बंद असे. पालकांनी हे बरोबर ओळखले. ज्या विषयामुळे मुलाची पदवीची वाट बंद होत नाही तो त्यांनी आनंदाने घेतला. ज्याने पंधराव्या-सोळाव्या वर्षीच वाट ठरून जाते त्याला ते बिचकले. यात श्रमाची लाज शोधायला जाण्याचे कारण नाही.

समाजशास्त्रज्ञ फिलिप फॉस्टर यांनी १९६५ मध्ये घानाच्या अभ्यासातून नेमके हेच मांडले होते. तिथे शेतीच्या आणि हस्तव्यवसायाच्या शाळा काढल्या म्हणजे मुले त्या व्यवसायांकडे वळतील, असा ब्रिटिश प्रशासनाचा आणि नंतरच्या नियोजनकारांचाही भरवसा होता. मुले वळली नाहीत, कारण चांगला पगार आणि स्थैर्य कारकुनीच्या नोकरीत होते आणि तिथे पोहोचवणारी शाळा पुस्तकी होती. मुलांच्या आकांक्षा अभ्यासक्रमाने घडत नाहीत, रोजगाराच्या बाजारात दिसणाऱ्या संधींनी घडतात, हा त्यांचा निष्कर्ष. व्यावसायिक शिक्षणाच्या विरोधकांनी तो पुढे फार वापरला. मला मात्र तो विरोधाचा मुद्दा वाटत नाही. विषय शाळेत आणण्याआधी त्याचे मोल कुठे आणि कसे मिळणार हे ठरवा, एवढीच सूचना मी त्यातून घेतो.

आपल्या धोरणांनी ती घेतली नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळवायचे ठरवले. १९९२ मध्ये त्या तारखा पाच-पाच वर्षे पुढे ढकलल्या. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव मिळावा असे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटात कुठलेही व्यावसायिक प्रशिक्षण घेणारी मुले-मुली निघाली ५.६ टक्के, आणि त्यांतले बहुतेक जण सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या अभ्यासक्रमात होते. २०२० च्या धोरणाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. अपयशाचे कारण त्याने झाकलेले नाही. व्यावसायिक विषय घेऊन बारावी झालेल्यांना उच्च शिक्षणात पुढची स्पष्ट वाट नव्हती, प्रवेशाचे निकषच त्यांना मागे ठेवणारे होते, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. तरीही भाषणांतून दोष मात्र पालकांच्याच माथी मारला जातो.

बायफोकलचे गुणगान करण्याचाही माझा हेतू नाही. ज्या कारणाने ते चालले त्याच कारणाने ते पोकळही झाले. संगणकशास्त्राच्या दोनशेपैकी शंभर गुण प्रात्यक्षिकाचे. पुष्कळ मुलांनी हा विषय कसब शिकण्यासाठी घेतला नाही. गुण चांगले पडतात आणि जीवशास्त्राचे ओझे टळते म्हणून घेतला. म्हणजे पुढची वाट उघडी ठेवणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. हात खरोखर चालले पाहिजेत. आणि ते अकरावीत सुरू करून उपयोग नाही, कारण तोवर सीईटी, नीट आणि क्लासच्या वेळापत्रकाने मुलाचा दिवस गिळलेला असतो. सुरुवात आठवीपासून व्हायला हवी, आणि ती वर्गातल्या प्रत्येकासाठी.

अशी सुरुवात कशी असते हे पाहायला दूर जावे लागत नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून ते या दुष्काळी गावात आले होते. त्यांनी घडवलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्य मंडळाने मान्य केला आणि अनेक शाळांत आठवी ते दहावीसाठी चालवला गेला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुले आणि मुली चारही विभागांतून जातात. वेल्डिंग करतात, घरगुती वायरिंग करतात, मातीचे परीक्षण करतात, हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. शिकवायला परिसरातलेच कसबी लोक येतात आणि मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडते, त्याचे पैसेही मिळतात. चौदा वर्षांच्या मुलीला वेल्डर बनवणे हा यामागचा उद्देश नव्हता. काम करता करता विज्ञान आणि गणित समजते, यावर कलबागांचा विश्वास होता.

तो विश्वास रास्त होता का? याच मुद्द्यावर सर्वांत गंभीर आक्षेप घेतला जातो. ‘असर’च्या त्याच अहवालात १४ ते १८ वयोगटातील सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित ४३.३ टक्क्यांनाच आले. पाया इतका कच्चा असताना आठवड्यातला एक दिवस वर्कशॉपला द्यायचा कशासाठी, असे विचारले जाते. याचे उत्तर त्याच अहवालातल्या दुसऱ्या एका चाचणीत आहे. मुलांना पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी मोजायला सांगितले. वस्तूचे टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू शून्यापासून थोडी सरकवून ठेवली तेव्हा बरोबर उत्तर देणारे उरले ३९ टक्के. या आकड्यापाशी जरा थांबायला हवे. या मुलांनी वर्षानुवर्षे वजाबाकीची पाने भरली आहेत, पट्टीही रोज कंपासपेटीत असते. पण लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर, हे त्यांना उमजलेले नाही, कारण काहीतरी कापायचे आहे म्हणून त्यांनी कधी मोजलेच नाही. मेझरिंग टेपचे टोक झिजलेले असेल तर सुतार दहाच्या खुणेपासून मोजतो आणि शेवटी दहा वजा करतो. फळी एकदा चुकीची कापली गेली की ही वजाबाकी कायमची लक्षात राहते. तेव्हा वर्कशॉपचा दिवस गणिताच्या तासातून चोरलेला दिवस ठरत नाही. फळ्यावर जे गणित शिकवून झाले नाही ते शिकवण्याची ती एक जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातकामात गेल्या, त्यांच्याच मुलांना पुन्हा हातकामाकडे ढकलण्याचा हा मार्ग आहे, अशी भीती आहे. भीती निराधार नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांनी प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी वडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला, राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती मोडीत काढली. ते योग्यच झाले. पण त्या योजनेचा दोष काम शिकवण्यात नव्हता. कोणाच्या मुलाने कोणते काम शिकायचे हे जन्मावरून ठरवण्यात होता. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा गावच्या शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती. कष्टकऱ्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाला उपयुक्त ज्ञानात अपमान दिसला नाही. जातीचा पगडा तेव्हाच बसतो जेव्हा एका गटाने वर्कशॉपमध्ये जायचे आणि दुसऱ्याने प्रयोगशाळेत. वकिलाच्या मुलाला आणि वीटभट्टीवरच्या मजुराच्या मुलीला एकाच बाकावर व्हाइसमध्ये लोखंड धरून फाइल चालवावी लागली, दोघांचे गुण एकाच यादीत आले, तर तो पगडा ढिला होईल. म्हणूनच हा विषय ऐच्छिक ठेवण्याला माझा विरोध आहे. ऐच्छिक म्हटले की तो कोणाच्या वाट्याला येतो, हे आपण पाहिले आहे.

जर्मनीचा दाखला आपल्याकडे फार दिला जातो. तिथला विद्यार्थी आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि उरलेले कारखान्यात घालवतो, हे खरे. पण तिथल्या बहुतेक राज्यांत मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी दहाव्या वर्षाच्या आसपास होते आणि त्यावर तिथेच टीका होते. ते आपण घेऊ नये. घ्यायचेच तर स्वित्झर्लंडकडून घ्यावे. तिथली जवळजवळ दोन तृतीयांश मुले व्यावसायिक शिक्षण निवडतात आणि १९९० च्या दशकात सुरू झालेल्या व्यावसायिक पदवीपूर्व परीक्षेमुळे त्यांना उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत जाता येते. आपल्याकडेही कागदावर शिडी आहे: दोन वर्षांचा आयटीआय, मग डिप्लोमाचे थेट दुसरे वर्ष, मग पदवीचे थेट दुसरे वर्ष. पण वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकलेला मुलगा एकदम डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात येऊन बसतो, आणि मधली गणिताची पायरी त्याची त्याने चढायची. ती पायरी बांधायला एका उन्हाळ्याचा वर्ग पुरेल.

पैशाचा आक्षेप मला त्या मानाने हलका वाटतो. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत; तिथली लेथ आणि वेल्डिंगची दालने आसपासच्या शाळांना आठवड्यातून ठरल्या वेळी वापरता येतील. खरी अडचण माणसांची आहे. शाळांमध्ये कौशल्य विषय शिकवणारे प्रशिक्षक आज बहुतांशी बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटावर घेतले जातात. मुख्याध्यापकांच्या लेखी ते शिक्षक नाहीत, शिक्षकखोलीतही नाहीत. ज्याला स्वतःच्याच पुढच्या जूनची खात्री नाही, त्याच्या विषयाला मुलांनी भवितव्य मानावे अशी अपेक्षा कशी करायची? पंधरा वर्षांच्या मुलाला हे बरोबर दिसते.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची आहे. आठवी ते दहावी हा विषय प्रत्येक शाळेत, प्रत्येक मुलामुलीला, पूर्ण शंभर गुणांचा असावा आणि टक्केवारीत, अकरावीच्या आणि पॉलिटेक्निकच्या गुणवत्ता यादीत धरला जावा. त्याचे प्रात्यक्षिक बाहेरच्या परीक्षकासमोर, केलेल्या वस्तूवर व्हावे. नुसत्या जर्नलवर नको. आणि तो शिकवणाऱ्याला गणिताच्या शिक्षकाइतकीच कायम जागा आणि तितकाच पगार मिळावा. राज्य मंडळ आणि शालेय शिक्षण विभाग यांनी नव्या नववी-दहावीची विषयरचना ठरवताना एवढे करावे. दरवर्षी सुमारे १५ लाख मुले दहावीला बसतात. त्यांच्या पालकांना व्याख्यान देण्याआधी सरकारने आपली ही बाजू पुरी करावी.