संकोच मोडावा, माणूस मोडू नये

हल्ली कोणत्याही प्रशिक्षण शिबिरास किंवा व्यापाऱ्यांच्या बैठकीस जावे, तर आरंभी ‘आइस ब्रेकर’ नावाचा खेळ ठरलेला असतो. अनोळखी माणसांतील संकोच जावा, हा हेतू. हेतू वाईट नाही. आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. ठोकून कडक झालेला पत्रा तांबट भट्टीत तापवून मऊ करतो; पण तो भांडे घडवण्यासाठी, भट्टीचा तमाशा दाखवण्यासाठी नव्हे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्यासारखे कितीतरी कापड दुकानदार प्रथमच कराची विवरणपत्रे भरू लागले. त्या दिवसांत आम्ही एका शिबिरास गेलो. पहिला अर्धा तास टाळ्या, फुगे आणि आपल्या नावाच्या अक्षरापासून मराठी विशेषण सांगणे यात गेला. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे. दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, अहिराणी बिनधास्त बोलतो. पण भर सभेत विशेषण सुचेना, लोक हसले. मग दिवसभर आम्ही तोंड उघडले नाही.

विचारायचे एकच होते. खेड्यात माल उधारीवर जातो, पैसे कापूस विकल्यावर येतात. मग कर कधी भरायचा? पैसे आल्यावर, असे आम्ही धरून चाललो. नियम असा, की बिल केले की कर देणे आले; गिऱ्हाइकाने पैसे देवोत वा न देवोत. पुढे तो कर सालिना १८ टक्के व्याजासह भरला. न विचारलेल्या एका प्रश्नाची ही किंमत!

खेळच नकोत, असे आमचे म्हणणे नाही. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ साली आंध्रातील काकीनाडा येथील लहान व्यापारी-उद्योजकांना प्रशिक्षण दिले होते. त्यांच्या अभ्यासात खुंटीवर कडे फेकण्याचा खेळ असे. अंतर खेळणाऱ्यानेच ठरवायचे. फार जवळ उभा राहील तो जोखीम टाळणारा, फार लांब उभा राहील तो नशिबावर विसंबणारा, मधले अंतर घेईल तो हिशेबी. या खेळात धंद्याचाच धडा होता.

म्हणून आयोजकांना आमची सूचना आहे. आरंभी चहा द्यावा. दोघा-दोघांना शेजारी बसवून गाव, धंदा आणि एक अडचण परस्परांना विचारू द्यावी. उर्दू, अहिराणी, मराठी, ज्याला जी भाषा येईल तीत. मग प्रत्येकाने आपली नव्हे, शेजाऱ्याची अडचण सभेत सांगावी. बुजऱ्या माणसाचाही प्रश्न त्यामुळे फळ्यावर येतो. वक्त्याने उठण्यापूर्वी त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे. वयस्कर माणसांवर आणि भगिनींवर नाचण्या-उड्या मारण्याची सक्ती करू नये.

आणि व्यापारी बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे : सभेत हसू झाले तरी चालेल, प्रश्न खिशात घेऊन घरी परतू नये.