कोणता धंदा करू? आधी तुमच्या होडीत पाणी कुठून येतं ते बघा



"सर, कमी भांडवलात कोणता धंदा करू?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. माझं मत सरळ आहे: हा प्रश्नच चुकीचा आहे. का, ते आज डेन्मार्कच्या एका खेळाडूकडून शिकूया.

त्याचं नाव पॉल एल्व्हस्ट्रॉम. खेळ सेलिंग, म्हणजे शिडाच्या होड्यांची शर्यत. १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये त्यानं एकट्यानं होडी चालवून सुवर्णपदक जिंकलं. १९४८ ला तर पहिली शर्यत त्यानं अर्धवट सोडली होती. तरी शेवटच्या हिशेबात पहिला तोच!

पण मला पदकांपेक्षा त्याचा धंदा जास्त महत्त्वाचा वाटतो. १९५४ मध्ये त्यानं शिडं बनवायची कंपनी काढली, 'एल्व्हस्ट्रॉम सेल्स'. शिडंच का? कारण तो रोज त्याच शिडाखाली बसायचा. वारा वाढला की शीड कुठे ढिलं पडतं, कुठे ओढ बसते, हे त्याला कुणा सल्लागारानं सांगायची गरज नव्हती.

दुसरं उदाहरण बघा. छोट्या होडीत लाटेचं पाणी शिरतं. ते हातानं उपसायचं म्हणजे शर्यतीतलं लक्ष गेलं. यावर त्यानं सेल्फ-बेलर आणला. होडीच्या तळाला बसवायची छोटीशी झडप. होडी वेगात असली की त्याच वेगानं आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. ना मोटर, ना बॅटरी. असे बेलर आजही छोट्या होड्यांना लावतात.

आता तुम्ही म्हणाल, "सर, त्याच्याकडे तेव्हाच दोन सुवर्णपदकं होती. आमच्याकडे काय आहे?"

बरोबर आहे. नावाचा फायदा होतोच, नाही कशाला म्हणू? पण पदक बघून गिऱ्हाईक एकदा येतं. दुसऱ्यांदा येतं ते माल बघून. आणि माल चांगला होतो तो अडचण स्वतः भोगल्यामुळे. ते भांडवल तुमच्याकडेही आहे. पाच वर्षं गॅरेजमध्ये काम केलंय? टेलरिंग केलंय? कॅन्टीन सांभाळलंय? मग तिथे रोज कुठे वेळ जातो, कुठे माल वाया जातो, हे तुम्हाला माहीत आहे. ते सोडून शेजाऱ्याचं चाललंय म्हणून कर्ज काढून मशीन आणणार? मशीन बंद पडलं तरी हप्ता बंद पडत नाही, हे लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट. एल्व्हस्ट्रॉमनं धंदा सुरू केला म्हणून पाणी सोडलं नाही. १९८४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, तो मुलगी त्रिनाबरोबर लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उतरला आणि ही जोडी चौथी आली. १९८८ ला दोघं पुन्हा उतरले. मालक झालात म्हणून काउंटर सोडू नका. गिऱ्हाइकाची अडचण केबिनमध्ये बसून दिसत नाही.

आजचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या सध्याच्या कामात रोज त्रास देणाऱ्या तीन गोष्टी लिहा. त्यातली कोणती सोडवून द्यायला लोक खिशातून पैसे काढतील, ते पाच जणांना विचारा.

कर्जाचा अर्ज त्यानंतर.