देवी गेली, म्हशीची राहिली

मागच्या शनिवारी आजोळी गेलो होतो, कोल्हापूर जिल्ह्यात. पहाटे गोठ्यात पाहिलं तर मामाच्या बोटांवर दोन टपोरे फोड. म्हशीच्या सडांवरही तसेच. म्हटलं, "मामा, डॉक्टरला दाखव की!"

"दाखवलं तर म्हणणार धार काढू नका. मग कोण काढणार? तू काय?"

मी गप्प. म्हशीला वर्क फ्रॉम होम नसतं.

मामाचा नमुना कुणी घेतलाच नाही. माझं म्हणणं नेमकं तेच आहे.

बफेलोपॉक्स, म्हणजे म्हशींची देवी, हा काही नवा आजार नाही. देवीची लस ज्या व्हॅक्सिनिया विषाणूची असायची, त्याचाच हा सख्खा भाऊ. सडांवरच्या फोडांतून तो धार काढणाऱ्याच्या हाताला लागतो आणि त्याच हातांनी पुढच्या म्हशीकडे जातो. २००९ साली सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगावात १६६ आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या २१ गावांत १८५ माणसांना तो झाल्याची नोंद आहे. ताप, फोड, काखेत गाठी. ब्राझीलमध्येही १९९९ पासून गाई आणि गवळ्यांमध्ये असाच विषाणू पसरत आला आहे.

गंमत बघा. देवीची लस या विषाणूपासूनही बचाव करायची. १९८० साली देवी जगातून संपल्याचं जाहीर झालं, लस टोचणंही थांबलं. निर्णय बरोबरच होता. पण आमच्या भाषेत सांगायचं तर जुनं मॉड्यूल काढून टाकलं, आणि त्यावर आणखी काय काय चालत होतं ते कुणी पाहिलं नाही. आज चाळिशीच्या आतल्या कुणाच्याही दंडावर तो व्रण नाही.

२०२२ मध्ये लंपी आला तेव्हा केवढी धावपळ झाली! तो तर माणसाला होतही नाही. पण त्यात जनावरं मेली, म्हणून बातमी झाली, भरपाई मिळाली. बफेलोपॉक्सने सहसा कुणी मरत नाही. फक्त दूध घटतं, सड नासतात आणि मामाचे पंधरा दिवस ठणकत जातात. याची नोंद कोण करणार?

आजारी म्हैस शेवटी पिळा, हात साबणाने धुवा, हे सांगायला पैसे पडत नाहीत. पण फोड दाखवले तर डेअरी दूध घेणार नाही, ही धास्ती असेल तोवर ते कोणी दाखवणार नाही. तेवढ्या दिवसांची भरपाई द्या, मग बघा नोंदी कशा येतात.

आपण दूध उकळून पितो, आपलं निभावतं. पण सकाळच्या चहाच्या आधी कुणाचे तरी हात त्या सडांना लागलेले असतात.

असो. तुमच्याही आजोळी कुणी असेल, तर आज फोन करून हात कसे आहेत ते विचारा.