गळ्यातलं पोवळं, पाण्यातलं पोवळं

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर पिशव्या सांभाळायचं काम घरात कुणाकडे असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. नदी असो की धबधबा, मुलं आणि मुलांचे बाबा पाण्यात आणि आपण काठावर. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात चपला, मांडीवर सगळ्यांची घड्याळं! खरं सांगते, मला ही जागा सोयीचीच वाटत आली, कारण मला पाण्याची भीती वाटते.

आणि का वाटू नये? आमच्या चाकुरात पाणी म्हणजे भरून, झाकून ठेवायची वस्तू. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत ५० हजार लिटर. त्या उन्हाळ्यात आम्ही टँकरची चाहूल घेत निजायचो आणि तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला जायचं. अशा गावात पोहायला शिकणार कुठे आणि शिकवणार कोण?

तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी मालवणचा बेत काढला. आमच्या गावावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी रस्ता धरायचा, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज करत कोल्हापूर गाठायचं आणि तिथून घाट उतरायचा. आजकाल झोपायला बिछाने आणि स्वयंपाकाला ओटा असलेल्या कॅराव्हॅन गाड्या भाड्यानं मिळतात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्यासाठी वेगळं धोरणही आणलं. भाडं ऐकून आम्ही मात्र लांबूनच नमस्कार केला. दिरांची क्रूझर होती. मागची बाकं काढून गाद्या टाकल्या, खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लावले, झाली आमची कॅराव्हॅन!

बरोबर काय घ्यावं म्हणाल, तर धपाटे दोन दिवस, कडक भाकरी आठवडाभर, शेंगदाण्याची चटणी आणि घाटासाठी आल्याच्या वड्या. गॅसची छोटी शेगडी घेतली तर ती गाडीच्या बाहेर, उघड्यावरच पेटवायची. पाऊस असो, वारा असो, गाडीत पेटवायची नाही म्हणजे नाही. ह्या एका गोष्टीवर मी दिरांशी भांडले आणि भांडून बरं केलं.

निघताना गुडघ्यांमुळे घरीच राहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "एवढं समुद्राला चाललीस तर एक पोवळं बघून आण की. माझ्या सरातलं एक फुटलंय."

करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि मग देवगड. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं कुणकेश्वर, आचरा, मालवण. हा रस्ता घाईनं काटायचा नाही, बरं का. एका वळणावर समुद्र दिसतो, दुसऱ्या वळणावर लपतो आणि खाडीचा पूल आला की पुन्हा सामोरा येतो. कुणकेश्वराच्या देवळाला तर लाटांचा शेजार. मुलं मोजत बसली होती, समुद्र किती वेळा दिसला ते. माझ्या मनात एकच चाललेलं, एवढं पाणी आणि त्यातलं घोटभरही पिता यायचं नाही!

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर पोवळी आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचं काम सुरू केलं. आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. वाघांचं असतं तसं पाण्याचंही अभयारण्य असतं, हे मी वर्गात शिकवलं होतं, पण पाहिलं नव्हतं. डोळ्यांना चष्मा, तोंडात नळी आणि अंगात तरंगतं जाकीट घालून, उथळ पाण्यात पालथं पडून तळ बघायचा, ह्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. पावसाळ्यात हे बंद असतं. पाणी निवळ हवं तर डिसेंबर ते फेब्रुवारी जावं.

मी होडीतही पिशव्या घेऊनच बसले. मुलांना मात्र बाईंच्या सुरात बजावलं, कशाला हात लावायचा नाही, कशावर उभं राहायचं नाही, पोवळं जिवंत असतं. सातवीतली लेक उतरली, तिचे बाबा उतरले. मग लेक वर तोंड काढून म्हणाली, "आई, तू शिकवतीस ना हे? मग बघणार नाहीस?"

काय सांगू! मंगळसूत्र पदराच्या पिनेनं आतून अडकवलं, ओढणी सोडली (पंजाबी ड्रेसवर ओढणी नकोच, पायात गुंतते) आणि शिडी उतरले. पूर्ण बाह्यांचं घातलं होतं, ते फार बरं. ऊन लागत नाही आणि अंगाला मलमं चोपडावी लागत नाहीत. त्यांतल्या काही मलमांमधली द्रव्यं पोवळ्यांना बाधतात. चष्मेवालीनं घाबरू नये. आपला चष्मा आत बसत नाही, पण पाण्यात वस्तू मुळातच मोठी आणि जवळ दिसते.

रबरी कडं घट्ट धरून मी डोकं खाली घातलं. चित्रातल्यासारखं निळंशार काही नव्हतं. पाणी हिरवट, धुरकट. मग नजर बसली. खाली पिवळट-तपकिरी गोळे, कुठे कोबीच्या पानांसारखे पापुद्रे, त्यांतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे असे चाललेले, जणू गल्लीतली मुलं शाळेला निघालीत. एकेका गोळ्यात हजारो इवले जीव. चुन्याचं घर बांधतात आणि त्यांच्या अंगात वाढणारं शेवाळ त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि पोवळं पांढरं पडतं. जगभर असं पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केली. आम्हाला पाण्याचा दुष्काळ माहीत होता, पाण्यातलाही असतो हे तिथं डोळ्यांनी पाहिलं. एका गोळ्याची कड पांढरी फटक होती.

तेवढ्यात एक लाट आली, नळीत खारं पाणी शिरलं, हातातलं कडं सुटलं. मी घाबरून पाय खाली टेकले. होडीवाला ओरडला, "वयनी, पाय खाली ठेवू नकात!" पण उशीर झाला होता. टाचेखाली काहीतरी कडकन मोडलं.

दमले नव्हते, पण होडीत चढल्यावर मला बोलवेना. असं गोळ्यांसारखं पोवळं वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतं. माझ्या टाचेखाली गेलं ते किती वर्षांचं होतं, कोण जाणे. आणि मोडणारी कोण, तर बजावणारी बाईच! लेकीच्या हातात तो तुकडा होता, सुपारीएवढा. "आजीला नेऊ का?" म्हणाली. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मोह झाला, खोटं का बोलू? कायद्यानं तसं करता येत नाही, दगडी पोवळी २००१ पासून वाघाच्या बरोबरीनं संरक्षित आहेत. पण कायदा मला नंतर आठवला. आधी लेकीचे डोळे दिसले. "जिथं होता तिथं सोड," म्हटलं. तिनं सोडला.

टाचेला खरचटलं होतं. पोवळ्याची जखम साधी समजू नका. गोड्या पाण्यानं आणि साबणानं खळखळून धुवावी, आतले कण काढावेत आणि लाली वाढली तर डॉक्टरांना दाखवावी. माझी भरायला तीन आठवडे लागले.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. दागिन्यातलं लाल पोवळं मालवणचं नसतंच, ते बहुतेक भूमध्य समुद्राकडच्या खोल पाण्यातलं, हेही सांगितलं. त्या बराच वेळ गळ्यातला सर बोटांनी चाचपत राहिल्या.

"म्हंजे हे बी कुणाचं तरी घरच की गं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फुटलेल्याच्या जागी काळा मणी ओव. आन् पाय दाखव बघू."