मौनाची दिवाळी

गेल्या डिसेंबरात आमच्या कन्येचा जर्मनीतील आखेनहून दूरध्वनी आला. ती तेथे शिकावयास आहे. नाताळच्या सुटीत वसतिगृह रिकामे होत होते, आणि पूर्वी ज्या वृद्ध बाईंकडे ती भाड्याने राहत असे त्यांनी तिला 24 तारखेच्या संध्याकाळी घरी बोलाविले होते. इकडे भारतीय विद्यार्थ्यांचा मेळावाही ठरलेला होता. त्यात केक, गाणी, रोषणाई, म्हणजे चित्रपटांतून आपण सर्वांनी पाहिलेला नाताळ, यथासांग व्हावयाचा होता. मुलगी अडखळत म्हणाली, "बाबा, परक्या घरच्या सणात आपण जाऊन बसावे हे बरे दिसते का? आणि मी तिथे करू तरी काय?"

तिच्या आईने आधी खाण्यापिण्याची चौकशी केली, हे सांगावयास नकोच. आम्ही मात्र क्षणभर गप्प राहिलो. हाच प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी आम्हांलाही पडला होता, आणि त्याचे उत्तर आम्हांला एका दिवसभर न बोलणाऱ्या माणसाने दिले होते. मुलीला जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

साल 1993. आम्ही नुकतेच एम. ए. होऊन शासकीय शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. नेमणूक दतिया जिल्ह्यात, सेंवढ्याकडच्या एका खेड्यात. त्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश विधानसभेच्या निवडणुका होत्या आणि लक्ष्मीपूजन 13 नोव्हेंबरला आले होते. निवडणूक म्हटली की मतदान-केंद्रे सांभाळावयास शिक्षक हवेतच. प्रशिक्षणे लागली, रजा बंद झाल्या. ग्वाल्हेर काही फार दूर नव्हते, परंतु जावयाचे आणि परतावयाचे असे दोन दिवस हाताशी नव्हते. जन्मापासूनची एकही दिवाळी आम्ही लष्करातील आमच्या वाड्याबाहेर काढलेली नव्हती. वडिलांनी एस.टी.च्या वाहकाकरवी फराळाचा डबा, उटण्याची पुडी आणि मोती साबणाची वडी धाडली. सोबत चिठ्ठी नव्हती. वडील चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांपैकी नव्हते.

ज्यांच्या घरी आम्ही एक खोली घेऊन राहत होतो ते गृहस्थ साठीच्या घरातले शेतकरी. सारे गाव त्यांना कक्का म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या पत्नीस सगळे बऊ म्हणत. आम्ही अर्थातच 'मास्साब'. बुंदेलीची एक गंमत आम्हांला तेथे उमगली. आपण मराठीत 'काय' म्हणतो त्या जागी ते 'का' म्हणतात, आणि आपल्या 'का'च्या जागी त्यांचे 'काय' येते. त्यामुळे बऊंनी "काय मास्साब, घरे नईं गए?" असे विचारले की आम्हांला क्षणभर मराठी कानावर पडल्याचा भास होई आणि मग घर अधिकच आठवे.

चतुर्दशीच्या पहाटे आम्ही अंधारात उठलो. गावात कोठेही दिवा नाही, फटाका नाही. सारे निजलेले. विहिरीवर जाऊन थंडगार पाण्याने एकट्यानेच अभ्यंगस्नान उरकू लागलो. पाठीला उटणे लावावयास कोणी नाही हे ध्यानात आले, तेव्हा तेवीस वर्षांच्या त्या पदवीधराचे डोळे पाणावले, हे कबूल करावयास आज संकोच वाटत नाही. आवाजाने बऊ जाग्या झाल्या. इतक्या पहाटे हा मुलगा अंगाला काय फासतो आहे, हे त्यांना कळेना. आम्ही सांगितले, आमच्याकडे या दिवशी सूर्योदयापूर्वी स्नान न करणारा नरकात जातो. त्या म्हणाल्या, मग सगळे गावच जाणार म्हणायचे! आणि आत जाऊन चुलीवर पाणी तापत ठेवले.

डबा उघडला तेव्हाही असेच झाले. चकली त्यांनी नवलाने पाहिली. करंजी हातात घेताच मात्र त्या हसू लागल्या. ही तर गुजिया, होळीचा पदार्थ. दिवाळीला कशी आली? त्यांच्या दिवाळीत लाह्या-बत्तासे आणि साखरेची हत्ती-घोड्यांची खेळणी. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे केरसुणीची पूजा होते, तेथे मातीच्या लक्ष्मी-गणेशाच्या नव्या मूर्ती बाजारातून येतात. आणि बऊंनी भिंतीवर 'सुराती' रेखाटली होती, म्हणजे घराघरांच्या चौकटींनी भरलेली लक्ष्मीची आकृती. आम्ही पंचांग काढून पाहिले तर आणखी एक भेद. आमच्या हिशेबाने ती आश्विनातली अमावास्या, त्यांच्या हिशेबाने कार्तिकातली. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात आणि वद्य पक्षात एका महिन्याचे अंतर पडते. एकाच रात्री, एकाच ओसरीवर, आम्ही आश्विनात बसलो होतो आणि बऊ कार्तिकात.

एवढे सगळे पाहूनही मन रमले नाही. त्या रात्री जेवणावर आम्ही कक्कांपुढे बरीच कुरकुर केली. वर्षाचा सण बुडाला, आईवडील वाट पाहत असतील, नोकरी म्हणजे शिक्षाच, असे पुष्कळ बोललो. कक्कांनी ऐकून घेतले आणि ते लवकर निजले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आपल्याकडे तो बळीराजाचा दिवस, तेथे गोवर्धनाचा. अंगणात शेणाचा गोवर्धन घालतात, गुरांची शिंगे गेरूने रंगवितात. परंतु आम्ही उठून पाहतो तो कक्का ओळखू न येण्याजोगे. कमरेला घुंगरांची माळ, हातात मोरपिसांचा जुडगा. आम्ही नमस्कार केला. त्यांनी मान हलविली, बोलले नाहीत. बऊंनी खूण करून आम्हांला गप्प केले. तो दिवस मौनियांचा होता.

बुंदेलखंडातील हे व्रत आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच परिचयाचे असेल. गुराखी आणि शेतकरी पाडव्याच्या दिवशी मौन धरतात आणि टोळीने निघून बारा गावांना फेरी घालतात. सोबतीचे लोक ढोलक-नगारीच्या ठेक्यावर दिवारी गातात, लाठ्यांचा खेळ होतो, मौनिये नाचतात. पण त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. सायंकाळी गायी-वासराची पूजा झाल्यावर मौन सुटते. असे हे बारा वर्षे करावयाचे असते. कोणी सांगतात, श्रीकृष्णाच्या गायी हरवल्या तेव्हा तो मूक होऊन बसला आणि त्याच्या सवंगड्यांनी त्यांचा शोध घेतला, त्याची ही आठवण. मुक्या जनावराचे जिणे एक दिवस आपणही जगून पाहावे, असाही अर्थ लावतात.

कक्का टोळीबरोबर निघून गेले. आम्ही बऊंना सहज विचारले की, या वयात एवढी पायपीट कशासाठी? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून आदल्या रात्रीची आमची कुरकुर आमच्याच कानांत वाजू लागली. व्रत कक्कांनी धरलेले नव्हते, ते त्यांच्या थोरल्या मुलाने धरले होते. आठ वर्षे त्याने ते पाळले आणि नवव्या वर्षीच्या पावसाळ्यात सर्पदंशाने तो गेला. त्या दिवाळीला घरात कोणी दिवा लावावयास तयार नव्हते. पाडव्याच्या सकाळी कक्का उठले, मुलाची मोरपिसे उतरवून घेतली आणि टोळीत जाऊन उभे राहिले. कोणी काही विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तर मिळाले नसते. उरलेली चार वर्षे बापाने पुरी करावयाची असे ठरले. 1993 चे ते तिसरे होते.

आम्ही एका दिवाळीसाठी रडत होतो, आणि ज्यांच्यापुढे रडत होतो त्यांनी एक शब्दही उलट उच्चारला नव्हता.

सायंकाळी टोळी परतली. गायीची पूजा झाली. धुळीने माखलेले, पाय सुजलेले कक्का ओसरीवर येऊन टेकले. बारा गावे हिंडून आल्यावर, दिवसभराच्या मौनानंतर, हा माणूस पहिला शब्द कोणता उच्चारील? देवाचे नाव घेईल, मुलाचे घेईल, असे आम्हांला वाटले. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "मास्साब, तुमाए घरे की गुजिया बची का?"

आम्ही डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. कक्कांनी करंजी खाल्ली, बऊंनी खाल्ली, शेजारची पोरे जमली आणि डबा रिकामा झाला. त्या क्षणी आमची दिवाळी झाली.

निवडणुका आटोपून घरी गेलो तेव्हा वडिलांना सर्व हकिगत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण या मुलखात इतक्या पिढ्या राहिलो आणि मौनिया काय ते मला आज मुलाकडून कळते आहे." पुढच्या वर्षी त्यांनी दोन डबे पाठविले. दुसऱ्यात केवळ करंज्या होत्या.

वडिलांचे ते वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि तिचे लष्कर शहर झाले. तेव्हापासून आपली घरे येथे आहेत. आपण गणपती राखला, भाषा राखली, पुरणपोळी राखली. हे लहान काम नव्हे, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु राखता राखता आपण दारही लावून घेतले का, हा प्रश्न विचारावयास हवा. महादजी शिंद्यांची श्रद्धा बीडच्या मन्सूरशहा या सूफी संतावर होती आणि शिंद्यांच्या घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. परक्याच्या देवापुढे वाकल्याने त्यांचा कुलस्वामी जोतिबा काही दुरावला नाही.

मात्र एक सांगितले पाहिजे. 'सगळे सण सारखेच' असे गोड बोलणे आम्हांला पटत नाही. ते सारखे नाहीत. त्याच पाडव्याला आपण पाताळात घातल्या गेलेल्या राजाची आठवण काढतो आणि ते डोंगर उचलणाऱ्या देवाची. यात भेद आहे आणि तो ठेवण्यासारखा आहे. आपला सण चुकल्याचे दुःखही खरे असते. त्या पहाटेचे विहिरीवरचे थंड पाणी आम्हांला अजून आठवते. दुसऱ्याचा सण आपल्या सणाची जागा घेत नाही. पण त्या घरात आपण बसलो म्हणजे तेथील माणसे सणात काय सांभाळीत आहेत ते दिसते, आणि ते बाहेरून कधीही दिसत नाही.

2023 साली पुन्हा तसाच योग आला. दिवाळी 12 नोव्हेंबरला आणि मतदान 17 ला. आमच्या शाळेतील एक तरुण शिक्षक, घर दूर बालाघाटकडे, कष्टी होऊन बसला होता. त्यास आम्ही घरी बोलाविले, आणि पहाटे त्याच्या पाठीला उटणे आम्ही स्वतः लावले.

मुलीला आम्ही एवढेच म्हटले, "अवश्य जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि पहिल्या दिवशी फार प्रश्न विचारू नकोस." तिने वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शंकरपाळे तळले आणि ती गेली. दुपारीच दुकाने बंद झाली होती, रस्ते निर्मनुष्य होते. ना गर्दी, ना गोंगाट. त्या घरी बटाट्याची कोशिंबीर आणि सॉसेज असा साधाच बेत होता. मुलीने बटाट्यावर भागविले. झाडावरच्या मेणबत्त्या लावून बाई बराच वेळ काही न बोलता बसून राहिल्या. मुलगीही बसून राहिली. त्या का गप्प होत्या ते तिने विचारले नाही. निघताना बाईंनी शंकरपाळ्यांचा डबा मागून ठेवून घेतला, आणि पुढच्या वर्षी तो भरून आणावयास सांगितले.

बाहेरगावी, परमुलखात, दुसऱ्याच्या घरी काढलेला एखादा सण वाचकांपैकी अनेकांच्या गाठीस असेल. तो त्यांनी अवश्य लिहून पाठवावा. आमच्या वडिलांसारखे आपण सर्वच, शेजारच्या अंगणात काय चालते ते उशिरा का होईना, मुलांकडून शिकत असतो.