सायकलवर गळ्याला काय घालायचं?



दिवाळी संपली की नाशिकची सकाळ बोचायला लागते. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या पेपरात येतात, आणि आमच्या सायकलवाल्या बायकांच्या ग्रुपवर दरवर्षीचा विषय निघतो : गळ्याला काय बांधायचं? कुणी म्हणते ओढणी बास आहे. कुणी नवऱ्याचा मफलर कपाटातून काढते. कुणाच्या मुलाने परदेशातून चांगला जाडजूड नेक वॉर्मर पाठवलेला असतो, तो मिरवायचा असतो. विषय किरकोळ वाटतो, पण त्यात जिवाचा प्रश्न आहे आणि थोडा आपल्या आचाराचाही आहे, म्हणून आज त्यावर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. सायकलवर ओढणी, स्टोल, मफलर यांतलं काहीही गळ्यात नको. नेक वॉर्मरच हवा, म्हणजे डोक्यातून घालायची कापडाची नळी. तिला गाठ नाही आणि टोकंही नाहीत. आणि तो आपल्याला वाटतं त्यापेक्षा पातळ हवा.

आधी टोकांचं बोलू. इझाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध अमेरिकन नर्तकी होती. 14 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीतून जाताना तिच्या गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात अडकला आणि ती जागीच गेली. शंभर वर्षांपूर्वीची, दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे मोटारसायकलवर, रिक्षात, मळणी यंत्रावर ओढणी अडकून झालेल्या इजांवर भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत स्वतंत्र लेख लिहिले आहेत. ओढणी अडकली की ती सुटत नाही, फिरत्या चाकाभोवती गुंडाळली जाते आणि आवळत जाते. गळ्याभोवती वेढा असेल तर हात वर नेईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

सायकलचा वेग कमी असतो, हे खरं. पण सायकलला चेन उघडी, मागचं चाक उघडं, आणि आपण वाकून बसलेल्या. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीची ओढणी म्हसरूळच्या रस्त्यावर मागच्या चाकात गेली. चढ होता, वेग नव्हता, म्हणून ओढणी फाटण्यावर निभावलं. उतारावर असती तर काय झालं असतं, हे कुणी बोललं नाही, पण परतताना सगळ्यांच्या ओढण्या पिशवीत होत्या.

आमच्यातल्या बऱ्याच जणी सकाळी गजपंथापर्यंत जातात आणि दर्शन घेऊन परततात. त्यांचं म्हणणं असतं की मंदिरात डोक्यावर घ्यायला ओढणी लागतेच. लागते ना, पण ती सायकलच्या पिशवीत ठेवा. पायथ्याशी उतरल्यावर काढा, घडी मोडा, डोक्यावर घ्या. देवासमोर ती घडीचीच जास्त शोभते.

आता जाडीचं. थंडी वाजते म्हणून आपण जाड कापड निवडतो, कारण आपला अंदाज घरात उभं राहून केलेला असतो. सायकलवर दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे वारा. हवा 10 अंशांवर असेल आणि वारा ताशी 20 किलोमीटरने अंगावर येत असेल, तर उघड्या त्वचेला ती साधारण 7 अंशांसारखी लागते. आपण सायकलवर त्याच वेगाने गेलो की तो वारा आपणच तयार करतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपलं अंग. पहिली दहा मिनिटं कुडकुडायला होतं, मग पाय फिरायला लागले की आतून उष्णता निघते आणि चढावर तर मानेवरून घाम ओघळतो. जाड नेक वॉर्मरमध्ये तो घाम अडकतो. मग उतार आला की तोच ओला कपडा गार पडून मानेला चिकटतो. सर्दी होईल म्हणून जे घातलं, त्यानेच हुडहुडी भरते.

म्हणून पातळ घ्या आणि लांब घ्या. पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटर लांबीचा पातळ वॉर्मर असला की सुरुवातीला तो नाकापर्यंत ओढता येतो, घाम आला की गळ्याशी चुणून ठेवता येतो, फारच उकडलं तर मनगटावर गुंडाळता येतो. एकाच कापडात तीन सोयी झाल्या. जाडजूड वॉर्मरची एकच सोय, आणि तीही फक्त पहिली दहा मिनिटं.

हेल्मेटचाही विचार करा. दुकानातून आणलेलं हेल्मेट आपल्या डोक्याच्या मापाचं असतं. त्याखाली जाड कानटोपी किंवा स्कार्फची गाठ आली की हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा नीट बसत नाही, आणि पडण्याच्या वेळी ते डोक्यावर राहीलच याची खात्री नाही. पातळ वॉर्मर कानांवरून घेतला तर हेल्मेट जिथल्या तिथे बसतं. कानांवर एकच पदर असू द्या. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न आपल्या वयात आधीच थोडा उशिरा ऐकू येतो.

चष्मा असणाऱ्यांनी वॉर्मर नाकावर घट्ट बसवू नये, श्वासाची वाफ वर जाऊन काचा धुरकट होतात. नाकपुड्यांच्या खाली ठेवला की बरं पडतं. ज्यांना दमा आहे त्यांना मात्र गार, कोरडी हवा थेट छातीत गेली की त्रास होतो. त्यांनी नाक-तोंड सैलसर झाकलं तर आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते. दमा असेल तर धुरकट चष्मा पुसत जा, पण नाक झाका. आणि हे औषध नाही हे लक्षात ठेवा. छातीत दुखलं, दम लागला, तर सायकलवरून उतरायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

आता कापड कोणतं? इथे आपल्या घरांमध्ये एक प्रश्न जास्तीचा येतो, आणि तो यावाच. रेशमाबद्दल नव्याने सांगायला नको. कोश उकळत्या पाण्यात टाकताना आतला जीव जातो, तेव्हा गळ्याला मऊ लागतं म्हणून रेशमी वॉर्मर घेणं आपल्याला पटणारं नाही. लोकरीचं थोडं समजून घ्यायला हवं. सायकलवाल्यांमध्ये मेरिनो लोकरीचं फार कौतुक आहे, आणि गुणाने ते खोटं नाही. नेहमीच्या हवेत लोकरीत तिच्या वजनाच्या साधारण 16 टक्के ओलावा मुरलेला असतो, सुती कापडात साधारण 8.5 टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये जेमतेम 0.4 टक्के. म्हणजे लोकर ओलावा आत घेते तरी लगेच ओली लागत नाही, आणि वासही धरत नाही.

पण मेंढीची लोकर कातरणं आणि मेंढीला इजा करणं यांतली रेषा मेरिनोमध्ये पुसट होते. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या मागच्या भागाची कातडी कापून काढण्याची एक पद्धत आहे. तिला म्युलसिंग म्हणतात. माश्यांनी तिथे अंडी घालू नयेत म्हणून ते करतात. न्यूझीलंडने 2018 मध्ये त्यावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियात ते अजून चालतं. कुणाला मेरिनोच हवं असेल तर ते म्युलसिंगशिवायच्या लोकरीचं आहे असं लेबलवर लिहिलेलं बघा. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्यालाही सांगता आलं नाही तर ठेवून द्या. माझं विचाराल तर आपल्याकडच्या एक-दीड तासाच्या फेरीला मेरिनोची गरजच नाही. ती हवा लेह-मनालीला जाणाऱ्यांची.

बाजारात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो, त्यातली बरीचशी ॲक्रेलिक असते, म्हणजे कारखान्यात तयार झालेला धागा. विणणाऱ्या मैत्रिणींनी लडीवरचा कागद वाचावा. त्यात मेंढी नाही, ही एक बाजू. मात्र विणकामातून वारा आरपार जातो, म्हणून सायकलसाठी तो मला दुय्यम वाटतो.

राहता राहिलं फ्लीस, पातळ पॉलिएस्टर आणि सुती होजिअरी. फ्लीस उबदार, पण धुताना त्याचे बारीक प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात जातात, आणि आपल्या थंडीला ते जास्तच होतं. पातळ पॉलिएस्टर घाम धरून ठेवत नाही, झटकन वाळतं. त्याचेही तंतू धुण्यात जातातच, म्हणून ते दर वेळी मशीनला लावू नका, साध्या पाण्यात हाताने खळबळून वाळत घाला. रोज जाणाऱ्यांनी हे घ्यावं. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्यांना सुती होजिअरीही चालते. ती ओली राहते हा तिचा दोष, त्यावर उपाय म्हणजे पिशवीत दुसरा कोरडा वॉर्मर ठेवणं.

सुती वॉर्मर घरीच होतो. जुना, पण न विरलेला टी-शर्ट घ्या. आडवा ताण येईल असा साधारण पन्नास सेंटिमीटर रुंद आणि पंचेचाळीस सेंटिमीटर उंच तुकडा कापा, उभी शिवण मारून नळी करा. शिवणीला झिगझॅग टाका घाला, नाहीतर डोक्यातून घालताना दोरा तुटतो. रंग निवडताना काळा आणि मातकट बाजूला ठेवा. पहाटेच्या अंधारात पिवळा किंवा केशरी लांबून दिसतो. मागच्या बाजूला चमकणारी पट्टी शिवली तर उत्तमच.

आता पैशांचं, कारण कॉमर्स शिकलेली बाई हिशेब मांडल्याशिवाय राहत नाही. समजा विकतचा पातळ वॉर्मर 300 रुपयांना मिळाला. थंडीतल्या 60 सकाळी धरा, तीन वर्षं वापरा. 180 सकाळी झाल्या, म्हणजे दर सकाळी दोन रुपयांहूनही कमी. तरी आपल्यातल्या कितीजणी म्हणतात, ‘‘माझ्यासाठी कशाला, घरात ओढणी आहे ना!’’ याच बायकांनी मुलाला हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली, सगळं न विचारता आणून दिलेलं असतं. नवऱ्याच्या वॉकिंगच्या बुटांचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. स्वतःच्या गळ्याशी आलं की मात्र काटकसर आठवते. घरातली जुनी वस्तू वापरणं हा आपला चांगला संस्कार आहे, मीही तो पाळते, म्हणून तर टी-शर्टचं सांगितलं. पण चाकात जाऊ शकणारी वस्तू गळ्यात घालणं याला काटकसर म्हणत नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी फेरीला निघण्याआधी सायकल स्टँडवर असतानाच एकदा वाकून बघा. गळ्यातलं काही खाली लोंबतंय का, चेनपर्यंत पोचतंय का. लोंबत असेल तर काढा आणि पिशवीत ठेवा. शिवणाचं काही अडलं तर मला विचारा, दुपारी तीननंतर मी मशीनवरच असते.

जय जिनेंद्र.